यकृतातील मेद आणि पेशीविभाजनाचे नियंत्रक

रात्रीचे जेवण आटोपून मनुष्य झोपी जातो आणि सकाळी उठून न्याहारी करतो, तेव्हा मधे दहा-बारा तास लोटलेले असतात. या काळात पोटात अन्नाचा कणही गेलेला नसतो. तरीसुद्धा हृदय चालू असते, श्वासोच्छ्वास चालू असतो आणि मेंदूला लागणारी साखर त्याला अखंड मिळत असते. एकट्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. उपाशी अवस्थेत हा पुरवठा मुख्यतः यकृताकडून होतो. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे १०० ग्रॅम साखर साठविलेली असते. परंतु उपवास दिवसभर चालला, तर हा साठा बहुतेक संपुष्टात येतो. मग शरीराच्या मेदसाठ्यांतून मेदाम्ले रक्तावाटे यकृताकडे येऊ लागतात. यकृत ती जाळून स्वतःची ऊर्जा मिळविते, त्यांपासून कीटोन द्रव्ये तयार करून मेंदूला व स्नायूंना पुरविते, आणि शिवाय अन्य पदार्थांपासून नवे ग्लुकोजही बनविते.

भोजनानंतर हा व्यवहार नेमका उलटा होतो. आतड्यांतून शोषली गेलेली साखर प्रथम यकृतात येते. गरजेहून अधिक असलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठविली जाते आणि त्यातूनही उरलेल्या काही भागाचे मेदात रूपांतर होते. म्हणजे मेद जाळणे आणि मेद तयार करणे ही दोन परस्परविरोधी कामे एकाच पेशीला आळीपाळीने करावी लागतात. ती एकाच वेळी जोराने चालली, तर एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने पाडायचे असा प्रकार होईल. म्हणून कोणते काम केव्हा सुरू करावयाचे व केव्हा थांबवावयाचे, याची काटेकोर व्यवस्था पेशीत असावी लागते.

या व्यवस्थेचा बाहेरचा भाग बराच काळ ज्ञात आहे. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे हॉर्मोन पोट भरल्याचा निरोप आणते आणि ग्लुकागॉन उपवासाचा. परंतु निरोप दारापर्यंत पोहोचल्यावर घरात तो कोण ऐकतो आणि कोण अंमलात आणतो, हा प्रश्न वेगळा आहे. गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर हळूहळू पुढे आले, ते काहीसे अनपेक्षित होते. यकृताच्या पेशीत मेदाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रथिनांत अशी काही प्रथिने आढळली, की ज्यांचा परिचय शास्त्रज्ञांना अगदी निराळ्या कामासाठी होता. ते काम म्हणजे पेशीच्या विभाजनाचे नियंत्रण.

पेशीचे चक्र

एका पेशीच्या दोन पेशी होतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आली होती. पण दोन विभाजनांच्या मधल्या काळात पेशी काय करते, हे कळावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९५३ साली अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून वालाच्या जातीच्या एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांतील पेशींवर प्रयोग केले. त्यांवरून असे दिसून आले, की पेशी आपल्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, प्रत सर्व काळ करीत नाही. ती एका ठरावीक अवधीतच केली जाते. त्याच्या आधी एक मध्यंतर असते व नंतरही एक मध्यंतर असते. पूर्वतयारी, डीएनएची प्रत, पुन्हा तपासणी व तयारी, आणि शेवटी प्रत्यक्ष विभाजन, अशा चार अवस्थांच्या या क्रमाला पेशीचक्र म्हणतात.

हे चक्र पुढे ढकलणारी यंत्रणा कोणती, याचा शोध तिघांच्या कार्यातून लागला. अमेरिकेत लीलंड हार्टवेल यांनी पाव फुगविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टवर काम करून चक्राचे नियमन करणारी अनेक जनुके शोधून काढली. ब्रिटनमध्ये पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका जातीच्या यीस्टमध्ये असेच एक कळीचे जनुक ओळखले आणि १९८७ साली त्याचाच जोडीदार मानवी पेशीतही असल्याचे दाखविले. टिम हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात समुद्री अर्चिन या प्राण्याच्या अंड्यांत असे एक प्रथिन पाहिले, की जे प्रत्येक विभाजनापूर्वी वाढत जाई आणि विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. चक्रागणिक येणाऱ्या-जाणाऱ्या या प्रथिनाला त्यांनी ‘सायक्लिन’ असे नाव दिले. या तिघांना २००१ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज या यंत्रणेचे चित्र थोडक्यात असे मांडता येते. काइनेज नावाची काही एंझाइमे अन्य प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडून त्यांचे कार्य बदलतात. त्यांपैकी काही एंझाइमे एरवी निष्क्रिय असतात. सायक्लिनची जोड मिळाली, तरच ती कामाला लागतात. पूर्वतयारीच्या अवस्थेत ‘सायक्लिन डी-१’ आणि ‘सीडीके-४’ हे काइनेज यांची जोडी जमते. ही जोडी रेटिनोब्लास्टोमा नावाच्या प्रथिनाची पकड सैल करते. त्या पकडीत अडकलेले ‘ई२एफ-१’ हे प्रथिन मोकळे होते आणि डीएनएची प्रत करण्यास लागणारी जनुके जागी करते. उलटपक्षी, ही जोडी जमू न देणारी प्रथिनेही पेशीत असतात. ‘पी-१६’ हे त्यांपैकी एक. त्याचा शोध १९९३ साली लागला. पी-१६ सीडीके-४ ला चिकटून बसते आणि चक्र थांबविते. अनेक कर्करोगांत पी-१६ चे जनुक नष्ट किंवा निकामी झालेले आढळते, यावरून त्याचे महत्त्व लक्षात यावे.

विभाजन न करणारी, पण क्षमता राखणारी पेशी

वरील प्रथिनांचे काम विभाजनापुरतेच असते, तर निरोगी प्रौढ यकृतात त्यांना फारसे कर्तव्य उरले नसते. आतड्याच्या अस्तरातील पेशी सतत विभागत असतात; यकृताच्या पेशी मात्र दीर्घकाळ स्वस्थ राहतात. एखाद्या क्षणी प्रत्यक्ष विभागत असलेली पेशी हजारांत एक सापडणेही कठीण असते. तथापि ही स्वस्थता म्हणजे असमर्थता नव्हे. १९३१ साली हिगिन्स व अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची पद्धत वर्णिली. उरलेला भाग वाढू लागतो आणि आठ-दहा दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत होते. आज जिवंत दात्याच्या यकृताचा भाग काढून रुग्णाला बसविता येतो, तो यकृताच्या याच सामर्थ्यामुळे.

या प्रयोगात एक लक्षणीय गोष्ट दिसते. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः पहिल्या दिवसातच, पेशी विभागू लागण्यापूर्वी, त्यांच्यात मेदाचे बारीक थेंब जमू लागतात. विभाजनाचा भर ओसरला, की हे थेंबही नाहीसे होतात. नव्या पेशीला नवी आवरणे लागतात, ती मेदद्रव्यांचीच बनलेली असतात. शिवाय विभाजनाच्या श्रमाला इंधनही लागते. यावरून विभाजन आणि मेदाचा व्यवहार यांचा संबंध आहे, हे उघड होते. परंतु हा संबंध केवळ गरज आणि पुरवठा एवढाच आहे, की दोहोंची सूत्रे एकाच हाती आहेत, हे त्यावरून सांगता येत नव्हते.

घरात लग्नकार्य निघाले म्हणजे कोठीतील धान्याचा विनियोग रोजच्यासारखा राहत नाही. कार्य काढावयाचे की नाही हे ठरविणाऱ्यालाच कोठीत काय आहे याची खबर असावी लागते, आणि एकदा कार्य ठरले, की कोठीच्या किल्ल्याही त्याच्याच हाती येतात. पेशीतही काहीसे असेच घडते. मात्र विशेष हे, की कार्य नसतानाही या किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात.

भोजनानंतरचा निरोप

याचा एक स्पष्ट पुरावा २०१४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी प्रसिद्ध केला. उंदरांना खावयास दिल्यानंतर त्यांच्या यकृतात सायक्लिन डी-१ आणि सीडीके-४ यांची जोडी कार्यान्वित होते, असे त्यांना आढळले. पेशी मात्र विभागत नाहीत. मग ही जोडी करते काय? उपवासात नवे ग्लुकोज तयार करण्यासाठी जी जनुके जागी असतात, त्यांना ती शांत करते. इन्शुलिनने आणलेला ‘पोट भरले’ हा निरोप अंमलात आणणाऱ्यांपैकी ही एक जोडी आहे.

मेदाच्या बाबतीतही असेच धागे सापडले. साखरेपासून मेद तयार करणारी जनुके जागी ठेवण्यात ई२एफ-१ चा हात असतो, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१६ साली दाखविले. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते, त्यांच्या यकृतात मेद कमी साठला. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाला असे आढळले, की मेदयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात सीडीके-४ अधिक सक्रिय होते, आणि त्याला अडविणारे औषध दिले असता मेदाचा साठा घटतो. मेद जाळण्याचे काम पेशीतील तंतुकणिकांत चालते. हे काम सुरू करणाऱ्या एका प्रथिनालाही सीडीके-४ रोखते, असे २०१७ साली निदर्शनास आले. त्या प्रथिनाचे नाव एएमपीके. पेशीतील ऊर्जा कमी पडू लागली, की ते जागे होते, मेदनिर्मिती थांबविते आणि मेदज्वलनाला वाट करून देते.

या सर्वांचा अर्थ सरळ दिसतो. विभाजनाला चालना देणारी प्रथिने ‘साठवा आणि बांधा’ असा आदेश देतात व ‘जाळा’ हा आदेश दाबून ठेवतात. भरल्या पोटी हे योग्यच होय.

उपवास आणि पी-१६

असे असेल, तर विभाजनाला लगाम घालणारे पी-१६ नेमके उलटे वागले पाहिजे, असे कोणीही म्हणेल. त्याच्याकडे लक्ष जाण्यास एक वेगळेही कारण घडले. २००७ साली हजारो व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांत असे दिसून आले, की नवव्या गुणसूत्रावरील पी-१६ च्या जनुकाशेजारच्या भागात जे बारीकसारीक फरक असतात, त्यांचा संबंध मधुमेहाशी आणि हृदयाच्या रोहिणीविकाराशी आहे. कर्करोगाच्या संदर्भात ओळखल्या जाणाऱ्या जनुकाचा या दोन रोगांशी काय संबंध असावा? दोन्ही रोगांत यकृताचा मेदव्यवहार बिघडलेला असतो, म्हणून शोधाची दिशा यकृताकडे वळली.

फ्रान्समधील संशोधकांनी २०१४ साली उपवासातील ग्लुकोजनिर्मितीवर पी-१६ चा प्रभाव असल्याचे दाखविले आणि २०२० साली मेदाविषयीचे निष्कर्ष मांडले. पी-१६ नसलेल्या उंदरांच्या यकृतपेशींत मेद जाळणारी जनुके अधिक जागी होती आणि मेदाम्लांचे ज्वलनही अधिक होत होते. उलट पी-१६ चे प्रमाण मुद्दाम वाढविले असता पेशींत मेदाचे थेंब वाढले, आणि उंदरांत कीटोन द्रव्यांची निर्मिती मंदावली.

हा परिणाम कोणत्या मार्गाने होतो, हेही त्यांनी उलगडले. मेदज्वलनाची जनुके केंद्रकात जागी करणारे मुख्य प्रथिन पीपीएआर-आल्फा हे होय. त्याला दोन साहाय्यक लागतात. एक, वर उल्लेखिलेले एएमपीके; आणि दुसरे सर्ट-१, जे पेशीतील ऊर्जास्थितीला अनुसरून अन्य प्रथिनांवरील रासायनिक गट काढून टाकते. पी-१६ नसताना ही साखळी मोकळी होते. या दोहोंपैकी एकही साहाय्यक नसला, तर पी-१६ काढूनही ज्वलन वाढत नाही. अतिस्थूल रुग्णांच्या यकृताच्या नमुन्यांत पी-१६ च्या जनुकाची सक्रियता जितकी जास्त, तितकी पीपीएआर-आल्फाची सक्रियता कमी, असेही आढळून आले. हा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे खरे. पण उंदरांत दिसलेल्या गोष्टीशी तो सुसंगत आहे.

येथे चौकस वाचकाला एक विसंगती जाणवेल. सीडीके-४ मेदज्वलनाला रोखते, आणि पी-१६ तर सीडीके-४ चे शत्रू आहे. मग पी-१६ काढल्यावर सीडीके-४ मोकाट सुटून ज्वलन कमी व्हावयास हवे. प्रत्यक्षात ते वाढते. सायक्लिन डी-१ च्या बाबतीतही अशीच गुंतागुंत आहे. यकृतपेशींत त्याचे प्रमाण फार वाढविले, तर मेद तयार होणे व मेद जळणे या दोन्ही क्रिया मंदावतात, असे २०१२ व २०१६ साली झालेल्या प्रयोगांत दिसले. जणू विभाजनाच्या तयारीला लागलेली पेशी आपली नित्याची कर्तव्ये काही काळ बाजूला ठेवते.

या विसंगतीतून एक महत्त्वाचा धडा मिळतो. ही प्रथिने म्हणजे विभाजनाच्या यंत्राचे सुटे भाग नव्हेत, की जे एकाच जागी बसतात आणि एकच काम करतात. एकाच प्रथिनाचे अनेक सोबती असतात. पेशी विभागत आहे की स्वस्थ आहे, पोट भरलेले आहे की रिकामे, यांनुसार त्याचा परिणाम बदलतो. पी-१६ उपवासातील ज्वलनाला आवर घालते, यातही हित असू शकते. जाळण्याचा वेग आवरता आला नाही, तर उपवास संपताच पुन्हा साठविण्याकडे वळणे पेशीला अवघड जाईल.

मेदयुक्त यकृताचा प्रश्न

हे सर्व केवळ शास्त्रीय कुतूहलाचे विषय नाहीत. यकृताच्या शंभर पेशींपैकी पाचांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसू लागले, म्हणजे यकृत मेदयुक्त झाले असे समजतात. जगातील प्रौढ लोकसंख्येच्या एक-चतुर्थांशाहून अधिक लोकांत ही स्थिती असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांना तिचा त्रास जाणवत नाही. परंतु काहींच्या यकृताला सूज येते, तेथे तंतुमय ऊतक वाढते, आणि अखेर यकृत घट्ट होऊन निकामी होते किंवा त्यात कर्करोग उद्भवतो. मद्यपान हे याचे जुने व ज्ञात कारण आहे. पण मद्याला कधी स्पर्श न केलेल्यांतही हा विकार आता सर्रास आढळतो.

तो केवळ श्रीमंतांचा किंवा स्थूल माणसांचाच विकार आहे, अशी समजूतही चुकीची ठरली आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील पाहणीचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. तेथे शंभर प्रौढांमागे सुमारे नऊ जणांचे यकृत मेदयुक्त होते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक लठ्ठ नव्हते. भारत सरकारने २०२१ साली या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

हा मेद येतो कोठून? काही रुग्णांत केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार यकृतातील मेदापैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीराच्या मेदसाठ्यांतून आलेला होता, सुमारे २६ टक्के यकृतानेच साखरेसारख्या पदार्थांपासून तयार केला होता, आणि सुमारे १५ टक्के थेट आहारातील होता. निरोगी माणसात यकृताने स्वतः तयार केलेल्या मेदाचा वाटा याहून पुष्कळच कमी असतो. म्हणजे साठविण्याचा आदेश थांबावयास हवा तेव्हाही चालूच राहतो. पेशीचक्राच्या नियंत्रकांचा अभ्यास येथे उपयोगी पडतो, कारण हा आदेश देणाऱ्यांत त्यांचीही गणना होते.

वार्धक्याचाही येथे संबंध येतो. वयाबरोबर अनेक ऊतकांत पी-१६ चे प्रमाण वाढत जाते आणि ज्यांचे विभाजन कायमचे थांबले आहे अशा जराग्रस्त पेशी साचत जातात. २०१७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी उंदरांतील पी-१६ युक्त जराग्रस्त पेशी नष्ट केल्या, तेव्हा त्यांच्या यकृतातील मेदाचे प्रमाण घटले. उतारवयात यकृत मेदयुक्त होण्याचा धोका का वाढतो, याचे अंशतः उत्तर येथे असावे.

मग पी-१६ ला रोखणारे औषध काढावे काय? असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण तो धोक्याचा आहे. पी-१६ हा कर्करोगाविरुद्धचा पहारेकरी आहे. यकृतातील मेद कमी करण्यासाठी पहारेकऱ्यालाच दूर केले, तर लाभापेक्षा हानीच अधिक होण्याचा संभव आहे. उलट दिशेचे औषध मात्र अस्तित्वात आहे. सीडीके-४ व त्याचे जुळे भावंड सीडीके-६ यांना अडविणारे पहिले औषध अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी २०१५ साली मान्य झाले आणि तशी इतर औषधेही नंतर आली. उंदरांत अशा द्रव्यांनी यकृतातील मेद घटला, म्हणून निरोगी माणसाने ती मेदासाठी घ्यावीत असे मात्र होत नाही. कारण त्यांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. कर्करोगाच्या रुग्णासाठी हा धोका पत्करणे योग्य असते, इतरांसाठी नाही. ही औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या चयापचयावर काय परिणाम होतो, याकडे लक्ष ठेवणे मात्र त्यामुळे अगत्याचे ठरते.

तोवर परिचित उपायच भरवशाचे आहेत. शरीराचे वजन सात ते दहा टक्क्यांनी घटले, तर यकृतातील मेद आणि सूज ही दोन्ही कमी होतात. नियमित व्यायामाने, वजन फारसे न घटताही, काही लाभ होतो. परिश्रमाने आणि मिताहाराने जाग येणाऱ्या यंत्रणेत एएमपीके हे प्रथिन प्रमुख आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या साखळीचा शोध संशोधकांनी जनुके बदललेल्या उंदरांत घेतला, तिच्याच एका दुव्याला रोजचे चालणे हालवीत असते.

पेशीने वाढावे की थांबावे आणि साठवावे की खर्च करावे, हे दोन प्रश्न आपण पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. पेशीच्या दृष्टीने मात्र ते एकमेकांपासून फार दूर नाहीत. हाताशी सामग्री किती आहे आणि तिचा विनियोग कशासाठी करावा, हा दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. विभाजनाचा निर्णय घेणाऱ्या प्रथिनांना यकृतातील मेदाची खबर असावी, यात म्हणूनच आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्यांचे एक काम सुधारावयास जाताना दुसरे बिघडणार नाही, याची खात्री करून घेणे हे पुढील संशोधनाचे खरे काम आहे.